तुझं सुतक मला नाही

अक्का, तुझं सुतक मला नाही.

हे मला सासूबाईंनी सांगितलं. तुला निरोप देऊन आम्ही दोघं सर्वणहून धारगळला परतलो. यांनी गाडी दुकानाच्या बाजूला लावली. मागल्या दारी कोणीतरी बादली भरून ठेवली होती. मी अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ केली, ते कपडे तिथेच पिळून वाळत घातले आणि केस पुसत आत आले. आमचं देवघर मधल्या खोलीत आहे, तुला माहीत आहे. सवयीने मी त्याला वळसा घालून भिंतीकडून चालले होते. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगो, अशी कित्याक जातंस? तुका सुतक नाय. भयणीचा भयणीक नसता. न्हालंस ना? झाला तर. दिवो लाय."

मी विचारलं, "काहीच नाही?"

"लगीन होऊन तू हय इलंस, ती थय गेली. तिच्या घरच्यांनी पाळूचा. तुका नुसती आंघोळ."

त्या वाईट मनाने बोलल्या नाहीत. आमच्याकडे तसंच आहे आणि त्यांना खरोखर वाटलं की माझी एक अडचण कमी झाली. वात तयार होती, तूप होतं, काडेपेटी जागेवर होती. मी दिवा लावला. मग चहा ठेवला. मग दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक बेळगावकडचा तो प्लंबर, त्याला पाऊण इंची एल्बो हवे होते. त्याला काही ठाऊक नव्हतं, मीही सांगितलं नाही. पिशवीत घालून दिले. तो म्हणाला, "येतो वहिनी." मी म्हटलं, "या."

मला रडू आलेलं नाही. हे तुला सांगून ठेवते, कारण इथे सगळे त्याची वाट बघताहेत. सर्वणला तुझ्या अंगणात सगळ्या बायका रडत होत्या आणि मी खुर्च्या मोजत होते. खुर्च्या कमी पडणार हे मला दिसत होतं. कोणाला कळवायचं राहिलं, भावजींची सकाळची गोळी दिली का, तुझ्या कपाटाची किल्ली कुठे असते, चहाला दूध पुरेल का, हे सगळं मला माहीत होतं किंवा मी पाच मिनिटांत माहीत करून घेत होते. लोक म्हणाले, सुनंदा होती म्हणून निभावलं. तू मागल्या दारी भांडी घासता घासता आडवी झालीस आणि डिचोलीला दवाखान्यात पोचेपर्यंत संपलेलं होतं, हे मी इतक्या जणांना सांगितलं की शेवटी शेवटी ते मला दुकानातल्या मालाची माहिती दिल्यासारखं वाटायला लागलं. आत काही हललं नाही. दात काढताना गाल बधिर करतात तसं आहे. आपण बोटाने दाबून बघतो, गाल आहे हे बोटाला कळतं, गालाला कळत नाही.

तुझ्याशी मला भांडायचं आहे. ते अर्धवट राहिलं आहे, म्हणून लिहायला बसले.

भांडण कशावरून, ते आधी मुळापासून मांडते. तुला मुळापासून काही सांगितलेलं आवडायचं नाही. मधूनच म्हणायचीस, "पुढे चल." आज ऐकून घे.

खाण बंद झाली आणि खनिज वाहणारा भावजींचा ट्रक अंगणात येऊन उभा राहिला. तुमच्याच काय, त्या सगळ्या पट्ट्यात घरोघरी ट्रक उभे होते. झाडांच्या पानांवरचा तांबडा धुरळा पहिल्याच पावसात धुऊन गेला आणि लोक म्हणाले, बघा, झाडं हिरवी असतात. भावजी मात्र बोलायचे बंद झाले होते. दिवसभर पायरीवर. तू दोन वेळचं त्यांच्या पुढ्यात ठेवायचीस, उष्टं उचलायचीस. मी तेव्हा दर बुधवारी बाजाराच्या निमित्ताने डिचोलीला येऊन तुझ्याकडे डोकावत होते, पिशवीतून काही ना काही आणून तुझ्या स्वयंपाकघरात लावून जात होते. अशाच एका बुधवारी तू घरात नव्हतीस. भावजींना विचारलं तर त्यांनी नुसतं ट्रककडे बोट केलं.

खाली कोंबड्या, एका चाकाच्या जागी दगड, आणि वर केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या जागेवर, मांडी घालून, डोळे मिटून तू. मी दार ठोकलं. तू एक डोळा उघडलास आणि हाताने थांब म्हणालीस. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. थोड्या वेळाने काच खाली करून म्हणालीस, "काय गो?"

"हय काय करतंस?"

"श्वास बघतंय."

"घरात दिसत नाय?"

"घरात दार खंय आसा? सगळ्या खोलयेंक नुसते पडदे. हय दार लागता, काच वर जाता, आनि कोण विचारणा नाय जेवणाक काय. आणखी काय होया?"

तुला ते कोणी शिकवलं, हे मी पुष्कळदा विचारलं. दर वेळी उत्तर वेगळं. एकदा म्हणालीस रेडिओवर ऐकलं, एकदा म्हणालीस शाळेतल्या कवायतीच्या सरांनी सांगितलं होतं, एकदा म्हणालीस शिकवायचं काय त्यात, नाक सगळ्यांना आहे. मला वाटतं, तू भीतीने वर चढली होतीस. घरातला तो गप्प माणूस, आणि पुढे काय होणार ते कोणालाच माहीत नाही. दार लावून घ्यायला एक जागा सापडली, आणि आत बसल्यावर करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून श्वास. हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "पुढे चल."

ट्रक शेवटी भंगारात गेला. मला वाटलं, आता हिचं बसणंही गेलं. पण तू दुसऱ्याच दिवशी विहिरीच्या कठड्याला पाठ लावून बसलीस, मग माडाखाली, मग बस उशिरा आली तर स्टँडवरच्या बाकावर. एकदा आपण दोघी लग्नाच्या पंगतीची वाट बघत होतो आणि तू त्या गोंगाटात, जरीची साडी नेसून, उघड्या डोळ्यांनी बसून घेतलंस. मला कळलं ते शेजारच्या बाईने विचारलं म्हणून: "तुमची भयण रागावली काय गो?"

माझं सुरू झालं ते ब्लडप्रेशरमुळे. म्हापशाच्या डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी सांगितलं आणि म्हणाले, थोडं शांत बसत चला. मी यादीत लिहिलं: शांत बसणे. आणि तुला फोन केला, कारण आपल्या दोन्ही घरांत ते काम येणारी तू एकटीच होतीस. तू तांबडी भाजी, चिबूड आणि उकड्या तांदळाची पिशवी घेऊन आलीस, दोन दिवस राहिलीस. यांना म्हणालीस, "तुमची बायल दुरुस्तीक घेतलंय." हे म्हणाले, "गॅरंटी काय?" तू म्हणालीस, "बायलेची गॅरंटी कोण दिता? बायल तुमची."

शिकवायला तुला फार काही लागलं नाही. पाठ सरळ, पण भिंतीला टेकली तरी चालेल. हात कुठेही. नाकाच्या टोकाशी हवा आत जाताना थंड लागते, बाहेर येताना कोमट, तेवढं ओळखायचं. मी मोठमोठे श्वास घ्यायला लागले तेव्हा तू माझ्या गुडघ्यावर चापट मारलीस. "घेव नको. तो घेताच आसा. तू इलंस तेव्हापासून घेता. तुझी यादी बघून घेणा नाय तो. तू फकत बघ." मन पळालं की? "पळतलाच. परत हाड." परत पळालं की? "परत हाड. त्याच कामाचो पगार आसा."

माझं मन पळायचं ते दुकानात. डोळे मिटले की मला आठवायचं, अर्ध्या इंचाचे नळ संपले, सासूबाईंच्या चष्म्याची दांडी, सिलिंडर, चतुर्थीला गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायला कोण. आठवलं की हात शिवशिवायचे. मी शेजारी पेन्सील आणि कागद ठेवायला लागले. तू ते पाहिलंस आणि पोट धरून हसलीस. "ही ध्यान करणा नाय, ऑर्डर घेता!" मी म्हटलं, लिहिलं नाही तर ते परत परत येत राहील. तू विचार केलास. मला ते आवडायचं तुझं, की चेष्टा करून झाल्यावर तू खरोखर विचार करायचीस. म्हणालीस, "बरा. लिवून उडय आनि परत ये. पण परत ये." तसं मी किती महिने केलं. हळूहळू लिहायचं कमी झालं. एका सकाळी उठले तेव्हा कागद कोरा होता. मी तुला फोन करून सांगितलं. तू म्हणालीस, "मगे? आज धंदो नाय?"

इथवर आपलं भांडण नव्हतं. भांडण जागेवरून.

मी कामं अशी लावते की एकाच्या शेपटीला दुसरं बांधायचं. दुकान बंद करताना शटर, शटर ओढलं की मीटरकडे बघायचं, मीटर बघितला की किल्ली. कुठलंच विसरत नाही. बसायचंही तसंच बांधलं. आंघोळ, देवघर, दिवा, तिथेच बसणं, मग चहा. देवघरात तशीही शांतता असते, सासूबाई तेव्हा बागेत फुलं काढत असतात, हल्ली वरून जाणारी मोपा विमानतळाची विमानं सोडली तर आवाज नाही. व्यवस्था चांगली होती. तू त्याच दोन दिवसांत म्हणालीस, "हय नको गो."

"का?"

"देवघराक नियम आसत. तुझा बसणा त्या नियमात सापडतला."

मला तेव्हा पटलं नाही. पण झालं तसंच. तेव्हा माझी पाळी चालू होती, म्हणजे महिन्यातले चार दिवस देवघर बंद, म्हणजे बसणंही बंद. आणि आमची भावकी तर तू जाणतेस. पेडण्यापासून मुंबईपर्यंत पसरलेली. कुठेतरी कोणीतरी जातं, सुतक. कुठेतरी कोणाला मूल होतं, सुवेर. दिवा नाही, फूल नाही, नारळ नाही, देवघराचं दार ओढून घ्यायचं. त्या दाराबरोबर माझा श्वासही बाहेर. पुन्हा सुरू करायला आणखी आठवडा जायचा, कारण मोडलेली सवय पहिल्या दिवशी परत येत नाही. मी पुन्हा पेन्सील घेऊन बसायची. तू फोनवर विचारायचीस, मी सांगायची, सुवेर आहे. "परत? तुमच्या भावकीत लोक दुसरा काय करतत तरी?" माझी पाळी थांबली तेव्हा मला थोडं वाईट वाटत होतं, वाटतंच ना, आणि तू पलीकडून म्हणालीस, "चला, चार दिवस सुटले. आता भावकीक कायतरी सांग."

तरीही मला त्याचा उपयोग झाला, हे तुला सांगायचं राहिलं. हायवे रुंद करायला मापं घेणारे आले होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या दुकानासमोरची जागा जाणार होती. हे हातवारे करून ओरडत होते, सासूबाई रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि माझ्या कानशिलात ठोके पडत होते. तिथे, फीत धरून उभ्या असलेल्या माणसाच्या समोर, मला नाकाशी हवा थंड लागली. मी ती बघितली. बाहेर येताना कोमट लागली, तीही बघितली. आणि मग मी त्या माणसाला म्हटलं, कागद दाखवा. त्याने दाखवला. खूण चुकीच्या दगडावर होती. पुढे जागा गेलीच, पण त्यांनी मागितली होती तेवढी नाही. हे आजही सगळ्यांना सांगतात की माझी बायको कशी थंड डोक्याची. डोकं थंड नव्हतं, अक्का. नाक थंड होतं. गोळी माझी कमी झाली नाही, पण वाढलीही नाही. याबद्दल तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात कोणी म्हणत नाही.

मग अलीकडचं सुवेर. यांच्या चुलतचुलत भावाच्या नातवाला मुंबईत मुलगा झाला. मी त्या घरातलं कोणाला ओळखत नाही. मुलाचा फोटो मोबाईलवर आला, सासूबाईंनी देवघराचं दार ओढलं. तुझा फोन आला आणि मी सांगितलं. तू हसली नाहीस.

म्हणालीस, "त्या पोराचो श्वास सुरू झालो, म्हणान तू तुझो बंद केलंस?"

मी म्हटलं, "घरात राहायचं तर घरातलं पाळावं लागतं."

"पाळ ना. दिवो लावू नको. फूल घालू नको. पण श्वास काय देवाक वाहतंस? त्येका विटाळ कसलो? पायरेर बस. न्हाणयेत बस. माका सांग, सुतकात तू जेवणस नाय? झोपणस नाय?"

"तुझ्याकडे कोणी काही पाळत नाही म्हणून तुला सोपं."

 मग म्हणालीस, "बरा. इलंस की बोलू." मग पावाचं काहीतरी बोललीस, की तुमच्या पोदेराने सायकल सोडून स्कूटर घेतली आणि आता तो थांबत नाही, नुसता भोंगा वाजवून जातो. त्यानंतरही आपलं बोलणं झालं, पण इकडचं तिकडचं. तो विषय मी सर्वणला आल्यावर काढणार होते. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. तुझं म्हणणं नेहमी एका वाक्यात बसायचं. माझं लांब असायचं आणि तू ते कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीस.

माझं उत्तर असं होतं.

अक्का, मला ती सुतकं आवडतात. ज्यांचे चेहरे मी पाहिले नाहीत त्यांची सुतकं आणि सुवेरं, मला हवीशी वाटतात. एरवी माझ्याकडे सगळ्यांचं काहीतरी असतं. देवळाची भांडी मोजायची तर मला बोलावतात. हळदीकुंकवाचं सामान मी. कोणाच्या बारशाला किती नारळ, मी. दुकान रोज. आणि यातलं मला कोणी लादलेलं नाही. मला ते येतं, म्हणून मी करते, आणि मी करते म्हणून ते माझ्याकडे येतं. पण सुतक आलं की वाड्यावरच्या बायका दारातूनच मागे फिरतात. "तुमका सुतक आसा ना गो? मग राहू दे." ते दहा दिवस मला कोणी काही मागत नाही. मी देवघरातही बसत नाही. मी काहीच करत नाही, आणि ते न करणं माझ्याकडून नियमाने करून घेतलेलं असतं, म्हणून मला लाज वाटत नाही. तू म्हणायचीस, त्या दिवसांत तुझं बसणं मोडतं. मला म्हणायचं होतं, त्याच दिवसांत मी खरी बसलेली असते.

तुला खाणीने थांबवलं. सगळं घर थांबलं, त्या थांबण्यात तू बसायला शिकलीस. मला कोण थांबवणार? मी आपण होऊन थांबणारी बाई नाही. मला दार ओढून घेणारं कोणीतरी लागतं.

एवढं बोलायचं होतं. तू यावर काय म्हणाली असतीस ते मला माहीत नाही. या वेळी खरोखरच माहीत नाही.

आणि मग तू गेलीस, आणि मला कोणी थांबवलं नाही. मुंबईतल्या त्या बाळासाठी आमचं देवघर दहा दिवस बंद होतं. तुझ्यासाठी एक आंघोळ. वाड्यावरच्या बायका दुसऱ्या दिवशी आल्या, वाईट झालं म्हणाल्या, थोडा वेळ बसल्या आणि उठताना विचारलं, देवळातल्या समया घासायचं कधी करूया. मी म्हटलं, रविवारी. मी म्हटलं, हो. मी हो म्हणाले, अक्का.

रोज सकाळी मी आंघोळ करून देवघरात जायची. दिवा लावायची. आसन तिथेच, गुंडाळलेलं. बसायला काही आडवं येत नव्हतं. इतकी वर्षं ज्या ज्या कारणाने बसणं मोडलं त्यातलं एकही कारण नव्हतं. दार उघडं, वाट मोकळी. आणि मी आसनाकडे बघून चहा ठेवायला जायची. कारण मला वाटत होतं की आसनावर बसले, डोळे मिटले, आणि नाकाशी हवा थंड लागली, तर मला कळेल. काय ते सांगता येत नाही. कळेल एवढंच. म्हणून मी बसत नव्हते. आणि असं रोज एकेक सकाळ गेली तर हे बसणं जाणार, हेही मला स्पष्ट दिसत होतं. सवयी कशा जातात ते मला नीट माहीत आहे. तू गेलीस आणि तुझ्या मागोमाग तेही. तुझं माझ्याकडे तेवढंच आहे. साड्या मी घेतल्या नाहीत, त्या मला आखूड होतात.

काल सकाळी सासूबाई फुलं घेऊन आल्या तेव्हा मी मधल्या खोलीत उभी होते. म्हटलं, "आई, आजपासून दिवा तुम्ही लावा. मी देवघरात येणार नाही."

"कित्याक? बरा नाय?"

"मी अक्काचं पाळणार."

त्यांनी परडी खाली ठेवली. "अगो, तुका सांगलंय ना? लागणा नाय तुका."

"लागत नाही ते कळलं. मी पाळणार."

"लोकांनी विचारला तर काय सांगू?"

"सांगा, भयण गेली."

मला वाटलं आता वाद होणार. मी मनात मुद्दे लावायला घेतले, पहिला, दुसरा. पण त्या खाली बसल्या आणि परडीतली फुलं उगीच इकडची तिकडे करायला लागल्या. तगर एकीकडे, जास्वंद एकीकडे. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझी धाकटी भयण गेली तेव्हा हय लगीन होता, माझ्या दिराचा. निरोप इलो. सासूबाय म्हणाल्यो, तुका काय नाय, न्हा आनि ये. मी न्हालंय. आनि पंगतीत वाढूक गेलंय." एक तगर परत जास्वंदीत ठेवून म्हणाल्या, "वरण वाढी होतंय."

मी त्यांच्या घरात इतकी वर्षं आहे. त्यांना धाकटी बहीण होती हे मला माहीत नव्हतं.

"किती दिवस पाळतलंस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "बघू."

हे त्यांनाही नवं होतं. मी बघू म्हणत नाही. मी तारीख सांगते. त्या उठल्या, दिवा लावायला आत गेल्या, आणि दार त्यांनी आपल्यामागे अर्धं ओढून घेतलं. मी समयांचं रविवारी जमणार नाही म्हणून फोन केला. पलीकडची म्हणाली, "पण तुमका सुतक नाय ना?" मी म्हटलं, "आहे."

मग मी मागल्या दारी पायरीवर बसले. आसन नाही, नुसती फरशी. समोर वाळत घातलेल्या गोणी, पलीकडे केळी, हायवेवरून ट्रक. पाठ चौकटीला टेकवली. म्हणजे सुतकात बसले, अक्का. तुझं म्हणणं होतं की बसता येतं. आलं. आणि देवघराचं दार स्वतःला बंद ठेवूनच बसता आलं, म्हणजे माझंही म्हणणं राहिलं. दोघींचं निम्मं निम्मं. तू हे मान्य केलं नसतंस. तू म्हणाली असतीस, निम्मं कसलं, सगळं माझंच. आणि मग आपण पुढचा तासभर त्यावर घालवला असता.

सुरुवातीला काही नव्हतं. तोच बधिर गाल. मी नाकाच्या टोकाशी जाऊन उभी राहिले, तू सांगितलंस तशी. हवा थंड आत आली. मला वाटत होतं, आता कळेल, आता फुटेल. फुटलं नाही. कोमट बाहेर गेली. यादी आली, ट्रकच्या आवाजाबरोबर गेली. कोणीतरी दुकानाचं शटर ठोकत होतं, हे पुढे उठून गेले.

आज सकाळीही बसले. तसंच. उद्या बसेन. इथे येणाऱ्या सगळ्या बायका मला सांगतात की गेलेल्या माणसाचा आवाज कानात येत राहतो, तुलाही येईल, थोडे दिवस जाऊ दे. मी डोळे मिटून, तेवढ्याचसाठी, नीट वाट बघितली. तुझा आवाज येत नाही, अक्का. श्वास येतो. तो बघते.